स्कायरिममधून पायी: गेममधल्या मुलखाचं प्रवासवर्णन लिहायलोय, खरं जमेना

मलप्रभेकाठची

नमस्कार मंडळी. मुक्काम खानापूर तालुका, लिहिण्याचा अनुभव शून्य.

लॉकडाऊनमध्ये भावाच्या जुन्या लॅपटॉपवर स्कायरिम सुरू केला. गेम आला ११ नोव्हेंबर २०११ ला, माझ्या हातात पडायला नऊ वर्षं लागली. ड्रॅगन मारण्यात मन रमलं नाही, रस्त्यात रमलं. सुरुवातच बघा ना, सीमा ओलांडताना धरलेला माणूस हात बांधून बैलगाडीसारख्या गाडीत बसलाय. आमच्याकडच्या माणसाला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही.

गेल्या वर्षी ठरवलं, नकाशावर टिचकी मारून क्षणात पोचायचं नाही. सर्व्हायव्हल मोड लावला. त्यात भूक लागते, थंडी वाजते, झोप येते आणि ती टिचकी बंदच असते. जे दिसेल ते वहीत लिहायचं. चाळीस पानं झाली. मैत्रिणीला वाचायला दिली तर म्हणाली, "छान आहे गं, खरं कुणाचं काय झालं ते कळलं नाही." नमुना देते:

> सकाळी व्हाइटरनच्या वेशीतून बाहेर पडले. हवा थंड होती. पश्चिमेला पसरलेलं माळरान मनाला भुरळ घालत होतं. वाटेत राक्षसांची छावणी दिसली, त्यांचे मॅमथ संथ चरत होते. पुढे रोरिकस्टेड आलं. छोटंसं, टुमदार गाव. फ्रॉस्टफ्रूट नावाच्या खानावळीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी रीचचा डोंगराळ मुलूख सुरू झाला. कार्थ नदीचं सौंदर्य शब्दांत सांगता येणार नाही.

ह्याची गोष्ट कशी करायची? माणसं कुठनं आणायची?

शिनोळी_नाका

ताई, राग मानू नका. हा पाचवीतला "आमची सहल" आहे. फक्त शेवटी "सर्वांनी डबे खाल्ले" राहिलंय.

चाळीस पानांत तुमच्या बाईनं कुणाकडं काही मागितलं का? कुणी तिला नाही म्हटलं का? खानावळीत मुक्काम केला म्हणता, खाट मिळाली का, किती पडले, शेजारी कोण घोरत होतं? आणि नदीचं सौंदर्य शब्दांत सांगता येत नसेल तर वही कशाला घेतली?

मलप्रभेकाठची

😅 खरं आहे. मी बाई म्हणजे मीच धरली होती. तिरंदाज. तिला काहीच नको असतं, ती नुसती बघत जाते.

जुना_गेमर_टिळकवाडी

स्कायरिमच्या मालिकेतला आधीचा एक भाग, मॉरोविंड, २००२ चा. आम्ही तो सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलोय. त्यात वाट दाखवणारी बाणाची खूण नव्हती. कुठं जायचं हे गावातला माणूस तोंडी सांगायचा: पूल ओलांड, डावीकडची वाट धर, झाडापाशी वळ. ते रोजनिशीत लिहिलं जायचं आणि आपण चुकायचो. कधी सांगणाराच चुकीचं सांगायचा. लांबच्या गावाला जायचं तर सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे उंच पायांचा भला थोरला किडा, त्याच्या पाठीवर बसून. तोही ठरावीक गावांनाच जायचा. एका गावाहून दुसऱ्याला थेट नसेल तर तिसऱ्या गावी उतरून बदलायचा. आपली लोंढ्याची रेल्वे जशी.

आणि तिथली माणसं तुम्हाला तोंडावर परका म्हणायची, नायक असलात तरी. प्रवासाची गोष्ट तिथं आपसूक तयार व्हायची, कारण प्रत्येक मैलाला कुणाचं तरी तोंड बघावं लागायचं. स्कायरिममध्ये बाण आला आणि वाट विचारायची गरज संपली. तुमची चाळीस पानं मुकी आहेत ती त्यामुळं. बाणाकडं बघून चालणाऱ्या माणसाला कोण भेटणार?

तेव्हा पहिलं काम, खुणा बंद करा. सेटिंगमध्ये होतं.

कुंदा_आणि_मांडे

मला वाटतं सरळ आपला मुलूख त्यात घाला! व्हाइटरन म्हणजे बेळगाव, किल्ला आहेच. रोरिकस्टेड म्हणजे येळ्ळूर, वर राजहंसगड. खानावळीत कुंदा, मांडे. वाचणाऱ्याला लगेच आपलं वाटेल.

शिनोळी_नाका

आणि ड्रॅगन खडेबाजारात पार्किंग शोधतोय. नको हो.

आपलं वाटणं म्हणजे पदार्थांची नावं नव्हेत. त्या गेममध्येच एक गोष्ट आहे जी आपल्याइतकी कुणाला कळणार नाही, आणि ताईंनी चाळीस पानांत तिला हात लावलेला नाही. खाजीतांचे तांडे. मांजरासारखी माणसं, दक्षिणेतल्या एल्सवेअरहून आलेली, शहरोशहरी माल विकत फिरतात. आणि त्यांना एकाही शहराच्या वेशीच्या आत येऊ देत नाहीत! चोर म्हणतात, चोरटा माल आणतात म्हणतात, खरं खरेदी करायला त्याच शहरातली माणसं वेशीबाहेर येतात. तीन तांडे आहेत: व्हाइटरन ते मार्कार्थ, डॉनस्टार ते रिफ्टन, विंडहेल्म ते सॉलिट्यूड. रस्त्यानं खरोखर चालत जातात, मागोमाग जाता येतं.

सीमेवर वाद पेटला की एसटी अलीकडंच थांबते. पोरं, म्हातारी माणसं, लग्नाची बोचकी, सगळी उतरून पलीकडं चालत. मी लहानपणी आईचा हात धरून असा चाललोय. आई सगळी वाट एकच बोलत होती: डबा सांडू नको. तो डबा मला अजून आठवतो, घोषणा एक आठवत नाही.

तांड्यातलं एक माणूस धरा. तिरंदाज बाईला द्या सुट्टी.

अथणीची_वाट

शिनोळीवाल्यांशी सहमत, खरं तांडा म्हणजे नुसतं फिरतं दुकान नव्हे, हे लक्षात घ्या. गेममध्ये ते तसंच आहे, तीच त्यातली उणीव.

आमच्याकडं धनगरांचा वाडा मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असतो. घोड्यावर संसार, कोंबड्या सुद्धा घोड्यावर. ते कुणाच्या रानात नुसते उतरत नाहीत. शेतकरी त्यांना मेंढरं बसवायला बोलावतो, रात्रभर मेंढरं त्याच्या रानात बसली की लेंडीचं खत होतं, त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे. म्हणजे वाड्याची गरज गावाला असते, गावाची वाड्याला. तरी चोरी झाली की पहिलं बोट वाड्याकडं. आज उतरायचं कुठं, हे म्होरक्या आधी दोन दिवस पुढं जाऊन ठरवून येतो. पीक निघालं नसेल तर वाट बदलायची. एखाद्या गावात मागच्या वर्षीचं भांडण असेल तर त्या गावाला वळसा.

तुमच्या खाजीतांना हे द्या. रोरिकस्टेडच्या शेतकऱ्याला तांड्याकडून काय हवंय? तांड्याला त्याच्याकडून काय? मागच्या खेपेला काय बिनसलं होतं? एवढं ठरवलं की अर्धी गोष्ट झाली. बाया काय करतात तेही बघा. वाड्यात चूल कुठं मांडायची हे बाया ठरवतात, आणि चूल मांडली तिथं मुक्काम.

निपाणीकर

एक आडवा प्रश्न. अंतरं कशी लिहिणार? गेमचा नकाशा सगळा मिळून सुमारे ३७ चौरस किलोमीटरचा. आपला बेळगाव जिल्हा १३,४१५. तुमचे मॅमथ एका तालुक्याच्या कोपऱ्यात मावतील. "तीन दिवस चाललो" लिहिलं तर गेम खेळलेला वाचक हसेल.

जुना_गेमर_टिळकवाडी

हसणार नाही. जमीन मोजू नका, घड्याळ मोजा. स्कायरिममध्ये खरं एक मिनिट म्हणजे तिथली २० मिनिटं, तिथला दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो. मॉरोविंडमध्ये तर एकाची ३० होती. पळू नका, सावकाश चाला. व्हाइटरन ते मार्कार्थ सगळी वाट चालत तासाभराची आहे, म्हणजे तिथले २० तास. माणूस ताशी चार किलोमीटर धरला तर ८० किलोमीटर. बेळगाव ते निपाणी चालत गेलात आणि वर थोडं. ओझं घेऊन दिवसाला पंचवीस किलोमीटर होतात, म्हणजे वाटेत तीन मुक्काम. जमीन बनवणाऱ्यांनी आटवली असेल, सूर्य मात्र हिशेबानं मावळतो.

मलप्रभेकाठची

हे फार कामाचं. वहीत वेळा लिहून ठेवल्या आहेत, अंतरं त्यावरनं काढते.

तांड्यातलं माणूस ठरवलंय. मुलगी, नवी, पहिलीच खेप. नाव मा'झीरा. खाजीतांत नावाआधी लागतं त्याला अर्थ असतो: "री" म्हणजे म्होरक्या, "मा" म्हणजे पोर किंवा शिकाऊ, "द्रो" म्हणजे आजोबा. आपल्या आप्पा, आण्णा, तम्मा सारखंच, फक्त पुढं लावतात. अडचण बोलण्याची. ते लोक बरेचदा स्वतःला "मी" म्हणत नाहीत, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलतात. मराठीत लिहिलं तर नाटकी वाटतं: "खाजीतला भूक लागली आहे."

शब्दवेडी

नाटकी वाटायचं कारण नाही. जी भाषा "तुका म्हणे" ऐकत वाढली तिला ह्यात नवल काय? स्वतःला नावानं हाक मारून बोलायची सवय आपल्या कानाला आहे. फक्त प्रत्येक वाक्यात घालू नका. अभंगातसुद्धा ते शेवटी येतं. मा'झीरा घाबरली की, खोटं बोलताना, नाहीतर पैशाचं बोलणं निघालं की तेवढ्यापुरतं "खाजीत" म्हणू दे. वाचणारा मग तो शब्द आला की कान टवकारेल.

दुसरं असं की तुमच्या शीर्षकाकडं बघा. बाई असून "लिहायलोय" लिहिलंय. बेळगाव, कोल्हापूरकडच्या बाया "मी जातो, मी येतो" म्हणतात, पुण्यात गेल्या की तेवढ्यावरनं ओळखू येतात. मी हॉस्टेलवर पहिला महिना "जाते, येते" घोकत काढलाय. खाली मजकुरात मात्र तुम्हीही सावरून "देते, काढते" लिहायला लागलात, माझ्या नजरेतनं सुटलं नाही 🙂 मा'झीराला तुमचं घरचं बोलणं द्या. तांड्यात "मी जातो", आणि नॉर्ड, म्हणजे स्कायरिमच्या मूळच्या माणसासमोर सावरून घेतलेलं. परकेपणा दाखवायला वेगळं वर्णन लागणार नाही.

आणि गेममध्ये सगळ्यांना सगळ्यांचं कळतं, हे मला कायम खटकतं. सीमेवर असं कुठं असतं? कंडक्टर "एल्लिगे होंटीरी?" विचारणार, आपण मराठीत गावाचं नाव सांगणार, सुट्टे पैसे हिंदीत मागितले जाणार. तुमच्या गोष्टीत नॉर्डांची बोली तिला येत नाही असं करा.

कुंदा_आणि_मांडे

माझ्या कुंद्याला नाट लागला, तरी शब्दवेडीताईंचं पटलं. भाषा घालणं म्हणजे पण आपला मुलूख घालणंच झालं की! फक्त कुणाला दिसणार नाही असं.

शिनोळी_नाका

आता बरोबर बोललात.

ताई, मागं एका धाग्यात तुम्ही लिहिलं होतं की दादा भाजीचा टेम्पो गोव्याला नेतो. चाळीस पानं लिहिण्याआधी त्याला विचारलं होतं का काही?

मलप्रभेकाठची

नव्हतं 🙏

मलप्रभेकाठची (तीन दिवसांनी)

विचारलं. रविवारी गाडी घरी असते, तेव्हा चहा दिला आणि वही घेऊन बसलो (घ्या शब्दवेडीताई).

दादा रात्री बेळगावात माल भरतो, जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाट उतरतो, पहाटे गोव्यात. अकरा वर्षं. मी विचारलं, रात्रीचा घाट कसा दिसतो? म्हणाला, "पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो." धुक्यात तोही नसला तर थांबायचं, मागनं कुणी आलं की त्याला पुढं घालायचं, मग त्याच्या दिव्यामागं जायचं. दोघंही दुसऱ्यानं पुढं जावं म्हणून थांबलेत, असं एकदा अर्धा तास चाललं होतं म्हणे.

भीती कशाची वाटते? वाघाची, दरडीची, काही नाही. कोथिंबिरीची. "कोथिंबीर म्हणजे घड्याळ. बटाट्याला झोप काढता येते, कोथिंबिरीला येत नाही." उशीर झाला की जुडी माना टाकते, भाव निम्मा. हे ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला: स्कायरिममध्ये काहीच नासत नाही! कोबी महिनाभर पिशवीत ठेवा, तसाच. म्हणून माझ्या तांड्याला घाई नव्हती, म्हणून पानापानाला निसर्ग सुचत होता.

तिथं तुला काय म्हणतात? "घाटी." राग येत नाही? "भाव पाडून मागितला की येतो." कोंकणी कशी शिकलास? पहिले दोन शब्द "कितलें" आणि "फाल्यां". कितीला आणि उद्या. पैसे फाल्यां, क्रेटं फाल्यां. बाकीची भाषा त्यानंतर दोन वर्षांनी आली.

झोपतो कुठं? केबिनमध्ये, पाय बाहेर काढून. एक बाजारातली खानावळवाली त्याला पाच वर्षं चहा देते, नाव माहीत नाही. तिला तो "मावशी" म्हणतो, ती त्याला "बेळगाव".

नवीन सुरुवात केलीय. कच्ची आहे:

> रीचच्या डोंगरात पाऊस लागला तेव्हा मा'झीराने आधी पोतडीला हात लावला. चंद्रसाखरेला ओल लागली की गुळासारखं पाणी सुटतं, आणि एकदा सुटलं की वरनं कोरडी दिसणारी पोतडी तळाशी पाक होऊन बसते. बोट चिकट लागलं. तिनं ते चाटलं नाही. म्होरक्या बघत होता.
>
> "किती?" त्यानं विचारलं.
>
> "एक पोतडी. दुसरी खाजीतनं बघितली, ती बरी आहे."
>
> दुसरी तिनं उघडलीच नव्हती.
>
> मार्कार्थच्या वेशीखाली पोचले तेव्हा आत दिवे लागले होते. आत दगडाचे पलंग असतात असं तिनं ऐकलं होतं. तीन रात्री ती दगडावरच झोपली होती, आणि त्याला पैसे मोजणारी माणसं असतात ह्याचं तिला वाटेत फार हसू आलं होतं. आता आलं नाही.
>
> ताडपत्री एकच. तिच्याखाली पोतड्या मावतील नाहीतर माणसं. पोतड्या मावल्या.
>
> वरनं दिवटी घेऊन पहारेकरी खाली आला. तिला नॉर्डांच्या बोलीतले दोनच शब्द येत, "किती" आणि "उद्या". तो जे बोलला त्यात दोन्ही नव्हते.

अथणीची_वाट

"पोतड्या मावल्या." बास. ह्यासाठी धागा वाचत होतो.

रोरिकस्टेडचं काय केलंत? तिथला मुक्काम वगळू नका. भिजलेली साखर कुणाच्या तरी चुकीनं भिजली असणार. शेतकऱ्यानं गोठ्यात उतरू दिलं नाही म्हणून रात्र उघड्यावर काढली, असं काही?

मलप्रभेकाठची

उलटं करायचंय. गोठा दिला होता, म्होरक्यानंच नको म्हटलं. मागच्या खेपेचे पैसे द्यायचे राहिलेत, आणि हे मा'झीराला ठाऊक नाही.

शब्दवेडी

वा! "दुसरी खाजीतनं बघितली", खोटं बोलताना बरोबर "खाजीत" आलं.

एकच खुपतंय. ताडपत्री. डोळ्यांसमोर निळं प्लास्टिक येतं, दादाच्या टेम्पोवरचं. कातडं करा.

मलप्रभेकाठची

केलं. ती दादाचीच होती.

निपाणीकर

मधेच कोरडं बोलतो. गेममधली नावं, मजकूर, पात्रं कंपनीच्या मालकीची. हौसेनं लिहून इथं टाकणं वेगळं आणि दिवाळी अंकाला मानधनावर पाठवणं वेगळं. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. वेशीबाहेर अडवलेला तांडा, भिजणारी साखर, न कळणारी बोली ह्यांवर कुणाची मालकी नाही. खाजीत, मार्कार्थ, नॉर्ड ही नावं काढा, मांजराची माणसं करायची की नाही बघा, संवाद गेममधनं उचलू नका. मग कुठंही पाठवा. कडोली, उचगाव, सांबऱ्याच्या संमेलनांत हिवाळ्यात कथाकथन असतंच.

मलप्रभेकाठची

आधी पूर्ण तर होऊ दे. नावं शेवटी बदलते, आत्ता काढली तर वाट सापडायची नाही.

जुना_गेमर_टिळकवाडी

मजकूर आवडला. तपशिलाची एक चूक, म्हाताऱ्याची खोड समजा. मार्कार्थला तांडा उतरतो तो तबेल्याजवळ. वेशीवरचा पहारेकरी जागा सोडून तिथवर खाली येतो का? मला आठवतं तसं, तो वरच उभा असतो. मग दिवटी घेऊन खाली आलेला कोण?

शिनोळी_नाका

हाच प्रश्न पहारेकऱ्यापेक्षा भारी आहे.

मलप्रभेकाठची

थांबा, बघून येतो. आत्ता फ्रॉस्टफ्रूटमध्ये खाट घेतलीय, तिथल्या घड्याळात रात्रीचे अकरा झालेत. सकाळी सहाला निघालो तर दिवे लागायच्या आत तबेल्यापाशी पोचतो.